आक्कानं पाहिलेली माशी

कपिलधारच्या रस्त्याला, बालाघाटाच्या पायथ्याशी माझ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, शेत होतं. त्यातलं थोडं काळं, बाकीचं मुरमाड. मुरमाडात काही येत नाही म्हणून दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, तिथं पेरूची ऐंशी झाडं लावली. तेव्हा फळबागेची हवाच होती. सरकार रोपांना पैसे देत होतं. बीडच्या बसस्टँडवर पिवळ्या पाटीचे फोनचे बूथ निघाले होते, टपरीवर थंड पेयांच्या नव्या बाटल्या आल्या होत्या. आता काहीतरी निराळं करून बघावं, असं साध्या माणसालाही वाटायला लागलं होतं.

मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच. आक्का चौथीपर्यंत शिकली, कारण गावातली शाळा चौथीला संपायची. मी पाचवीत गेले तोवर गावात सातवीपर्यंत वर्ग झाले होते. एवढाच काय तो आम्हा दोघींतला फरक. ती माझ्याआधी आठ वर्षं जन्मली.

आक्काला बघायची सवय होती. लहानपणी ती अंगणात उकिडवी बसून अर्धा अर्धा तास कशाकडं तरी बघत राहायची. आई ओरडायची, "कावून बसलीस दगडासारखी? भाकरी कोन थापील?" आक्का उठायची, भाकऱ्या थापायची, आणि मग जेवताना मला हळूच सांगायची, "कुंभारमाशीनं आज तिसरी अळी आत घातली बघ. आता तोंड लिंपील." दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघायची, तर खरोखर मातीच्या घराचं तोंड लिंपलेलं असायचं.

बागेला पहिलं चांगलं फळ धरलं त्या वर्षी आक्काचं पाऊल जमिनीवर नव्हतं. बीडच्या फळबाजारातले एक म्हातारे बागवान झाडावरचाच माल घेऊन गेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी एक पेरू हातावर तोलला, वास घेतला, अर्धा कापून आक्काच्याच हातात दिला आणि म्हणाले, "खा बेटी. आपल्या झाडाचा पहिला घास आपन खायाचा, मंग दुनियेला द्यायचा." आक्का ते वाक्य वर्षभर सांगत होती.

पुढच्या पावसाळ्यात फळात अळी निघाली.

वरून पेरू पिवळाधमक, देखणा. बारीक बघितलं तर सालीवर सुईनं टोचल्यासारखा एक ठिपका, त्याच्याभोवती जरा गडद डाग. बोटानं दाबलं की तिथं खड्डा पडायचा. फोडलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. मग झाडाखाली सडा पडायला लागला. सकाळी जावं तर आंबूस वास, आणि पडलेल्या फळांवर माश्या. घरातल्या माशीसारख्या नव्हेत. तांबूस अंग, खांद्यावर पिवळे पट्टे, काचेसारखे पंख, कंबर बारीक. उडण्याआधी त्या फळावर आडव्या आडव्या चालायच्या.

दाजी बीडहून औषध आणून फवारायचे. फळाच्या आतल्या अळीला त्याचं काही नव्हतं. दाजी वाईट माणूस नव्हते. झाडं त्यांनी डोक्यावरून पाणी आणून जगवली होती, आणि आता ती डोळ्यांदेखत नासत होती, म्हणून ते चिडचिडे झाले होते.

त्या दिवाळीला मी आक्काकडं गेले, तर ती मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथं डालड्याचे तीन रिकामे डबे होते. तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं. भिंतीवर कोळशानं रेघा ओढलेल्या.

"ह्ये बघ," ती म्हणाली, "डब्यात बागेतली माती घातली, वर किडका पेरू ठिवला. अळी मोठी झाली की फळातून भाईर येती आन टुनकन उडी मारती. दोन्ही टोकं जुळीवती, मंग सुटती. खाली पडली की मातीत घुसती. खोल न्हाई, चार बोटं. तितं तिचा गव्हासारखा दाना व्हतो. आन ह्या रेघा मोज."

मी मोजल्या. एका डब्यापुढं नऊ होत्या, दुसऱ्यापुढं दहा.

"नऊ-धा दिसानं दान्यातून माशी निघती. म्हनून मी पडलेलं फळ रोज येचते आन गुडघाभर खड्ड्यात पुरते. वर माती दाबते. तुझ्या दाजीला वाटतंय कचरा साफ करायलीय."

माझ्या पुस्तकात हे सगळं इंग्रजीत होतं. अंडं, अळी, कोष, माशी. परीक्षेला मी ते पाठ करून लिहिलं होतं, पण अळीला उडी मारताना कधी पाहिलं नव्हतं. मी आक्काचं कौतुक केलं. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी बारीकसं टोचलंही. कॉलेजात मी जात होते, आणि माशी तिला कळली होती.

तिचं अजून संपलं नव्हतं. ती मला विहिरीवर घेऊन गेली. विहिरीच्या कडेला तुळशीचं मोठं बेट माजलं होतं. सकाळचं कोवळं ऊन होतं. आक्कानं मूठभर पानं तोडली, तळहातावर चोळली आणि हात पुढं करून उभी राहिली.

"हालू नकोस," ती म्हणाली.

थोड्या वेळानं एक माशी आली. मग दुसरी. मग पाच-सहा आल्या आणि तिच्या तळहातावर बसून त्या हिरव्या रसाला तोंड लावायला लागल्या. आक्कानं बोट जवळ नेलं तरी उठेनात. दारू प्यायल्यासारख्या झाल्या होत्या.

"खोकल्याचा काढा करायला पानं खुडायलते, तवा दिसलं," ती म्हणाली. "आता नीट बघ. पेरूवर जी टोचती ना, तिच्या शेपटीला सुई असती. ही बघ, हिला हाय का? न्हाई. हिला न्हाई. हिलाबी न्हाई. पंधरा दिस बघायलेय मी. तुळशीवर येतात ते सगळे बापे हायत. बाई एकबी येत न्हाई."

मी हसले.

आज इतक्या वर्षांनी ते हसू माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "आक्का, माश्यांनासुद्धा तुळशीची भक्ती, आणि तीही फक्त पुरुषांना?" दाजी मोट लावायच्या दगडावर बसले होते, तेही हसले. म्हणाले, "बघा की बाई, तुमची भैन. बाग जळायलीय आन ही माश्यांचे बापे मोजायलीय."

आक्का चिडली नाही. तिनं हात धुतले. घरी आल्यावर मात्र तिनं दोन रिकाम्या काड्यापेट्या काढल्या. एकीत तुळशीवरच्या चार माश्या मारून ठेवल्या आणि वर पेन्सिलीनं लिहिलं, बापे. दुसरीत पेरूवरच्या दोन ठेवल्या आणि लिहिलं, बाया. तिचं अक्षर चौथीतल्या मुलीचं, गोल गोल, रेघेच्या वर चढलेलं.

"तू तुझ्या सरायला इचार," ती म्हणाली. "खरं असलं तर मला एक करून बघायचंय. तुळशीचा रस करायचा, त्याच्यात औषध कालवायचं, नारळाच्या करवंट्या भरून झाडाला टांगायच्या. बापे सगळे तितंच मरतील. मंग बाया अंडी घालतील कशाच्या जिवावर? पर तुझ्या दाजीला माझं खरं वाटत न्हाई. शिकल्याल्या मानसानं सांगितलं तर ऐकतील."

मी काड्यापेट्या पिशवीत घालून अंबाजोगाईला आले.

आमचे प्राणिशास्त्राचे सर शिस्तीचे होते. वर्गात इंग्रजीत शिकवायचे. माझं इंग्रजी असं की प्रश्न मनात तयार होईपर्यंत तास संपायचा. शहरातून आलेल्या मुली माझ्या 'न्हाई'ला हसायच्या, म्हणून मी वर्षभर कष्ट करून 'नाही' म्हणायला शिकले होते. एक दिवस तास संपल्यावर मी त्या काड्यापेट्या घेऊन सरांच्या खोलीपाशी गेले. आत दोन-तीन प्राध्यापक चहा पीत होते. मी दारात उभी राहिले. मनात वाक्य जुळवत होते. सर, माझी बहीण शेतकरी आहे, ती म्हणते की तुळशीवर फक्त नर येतात. ते वाक्य मला स्वतःलाच इतकं खुळचट वाटलं की कान तापले. वर त्या पेट्यांवरचं ते अक्षर. बापे. बाया.

आतून एका सरांनी विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही सर," मी म्हणाले आणि परत फिरले. होस्टेलच्या मागच्या नाल्यात दोन्ही पेट्या टाकल्या.

पुढच्या महिन्यात आक्काकडं गेले. ती वाटच बघत होती. पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी तिनं विचारलं, "काय मनले सर?"

न विचारल्याचं सांगायला मला लाज वाटली. विचारलं नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, बरं, मंग आता इचार. एवढंच झालं असतं. पण मी म्हणाले, "सर म्हणाले, असं काही नसतं. योगायोग असेल. तुळशीचा आणि माशीचा काही संबंध नाही."

"काड्यापेटी उघडून बघितली का त्यायनी?"

"बघितली."

"सुई बघितली?"

"बघितली, आक्का. ते म्हणाले, तसं साध्या डोळ्यांनी कळत नाही."

दाजी तिथंच होते. ते म्हणाले, "झालं समाधान? आता ती डबडी फेक भाईर. घरात अळ्या पाळायलीय." आक्कानं डबे उचलले, उकिरड्यावर नेऊन पालथे केले. पडवीतल्या भिंतीवर शेणाचा हात फिरवला. रेघा गेल्या.

मग तिनं पडलेली फळं वेचणंही सोडलं. दाजींच्या मते तो वेळ वाया जात होता, आणि आता तिच्याकडं दाजींना सांगायला काही उरलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी फळं सडली. चाचा येऊन बागेत फिरले. चार पेरू कापले, चारही बांधावर ठेवले. म्हणाले, "बेटी, मी तुझा माल न्हेतो आन गिऱ्हाइकासमोर कापतो, तर मला तोंड दावायला जागा न्हाई. मला माफ कर." जाताना त्यांनी आक्काच्या डोक्यावर हात ठेवला.

दाजींनी उन्हाळ्यात झाडं तोडली. दोन माणसं आणि कुऱ्हाडी, तीन दिवस. मी तेव्हा परीक्षेत होते. नंतर गेले तेव्हा मुरमाडात नुसती खोडं होती, आणि कापसासाठी नांगरट सुरू झाली होती. विहिरीवरची तुळसही कुणीतरी उपटली होती. कुणी, ते मी विचारलं नाही.

मी बी.एड. करून अंबाजोगाईतच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शहरात कृषी प्रदर्शन भरलं होतं, तिथं वर्ग घेऊन गेले. एका मांडवात एक तरुण अधिकारी उभा होता. त्याच्यासमोर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली टांगलेली. त्या बाटल्या तेव्हा नवीनच होत्या. बाजूला भोकं पाडलेली, आत कापसाचा बोळा, आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा बोटभर थर. तांबूस अंग, पिवळे पट्टे. मी लांबूनच ओळखल्या.

माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ह्या सगळ्या एवढ्या आत गेल्या कशा?"

"वासानं," तो म्हणाला. "या बोळ्याला मिथाईल युजेनॉल नावाचं द्रव्य लावलंय. फळमाशीचा नर या वासासाठी वेडा होतो. बघ, या सगळ्या नर माश्या आहेत. मादीच्या शेपटीला सुईसारखी नळी असते, ती इथं एकीलाही दिसणार नाही. नर संपले की मादीची अंडी वांझ. हाच वास थोडासा तुळशीत असतो. जुन्या काळी तर तुळशीचा रस करवंटीत घालून..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

त्याच रविवारी मी आक्काकडं गेले. ती कापूस वेचत होती. ओटी पांढरी फुगलेली, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. मी सरीतच बसले आणि सगळं सांगितलं. प्रदर्शन, बाटली, नर, तुळस. आणि मग ते दुसरंही सांगितलं. सरांच्या दारातून परत फिरल्याचं, नाल्याचं, खोटं बोलल्याचं. सांगताना मी रडत होते. मला वाटलं होतं, ती चिडेल, शिव्या देईल, किंवा माझ्याबरोबर रडेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. वेचणं थांबवलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "जेवून आलीस का?"

"आक्का, तू काही बोल ना."

"काय बोलू? झाडं ग्येली. ऊन व्हायलंय, घरी जा. भाकरी फडक्यात हाय. ठेचा घे."

बाग वाचली असती का, हे मला खरंच माहीत नाही. आता या माशीबद्दल मी बरंच वाचलंय. एकट्या शेतात सापळे लावून भागत नाही, शेजारच्या बोरी-आंब्यांवरून माशी येतेच. सगळ्या शिवारानं मिळून करावं लागतं. पावसाळी बहार सोडून हिवाळ्याचा धरावा लागतो, झाडाखालची माती उन्हाळ्यात हलवावी लागते. कदाचित ऐंशीच्या ऐंशी झाडं तरीही गेली असती. पण पडलेलं फळ रोज उचलून पुरणं हा त्या सगळ्यातला अर्धा उपाय आहे, आणि तो ती आधीपासून करत होती. माझ्या एका वाक्यानं तिनं तो सोडला.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. सणाला लुगडं घ्यायची, माझ्या लग्नात राबली, बाळंतपणात सव्वा महिना माझ्याकडं राहिली. सगळं केलं. पण चालता चालता थांबून "ह्ये बघ" असं ती मला पुन्हा म्हणाली नाही. एकदा तिच्या घराच्या आढ्याला कुंभारमाशीचं घर दिसलं. मी मुद्दाम विचारलं, "आक्का, हिनं तोंड कधी लिंपलं?" ती म्हणाली, "मी न्हाई बघितलं," आणि झाडू घेऊन ते पाडलं.

दाजींचं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती आठ-दहा दिवस माझ्या घरी होती. सकाळी डबा घेऊन जायची, दुपारी परत यायची. आमचा नववीचा किडींचा धडा चालू होता. मला वाटलं, आता मला काहीतरी फेडता येईल. मी तिला आग्रह करून शाळेत नेलं. वर्गात उभं केलं. मुलींना सांगितलं, "या माझ्या मोठ्या भगिनी. फळमाशीचा नर तुळशीकडं येतो, हे यांनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. यांना विचारा."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. आक्का पदर खांद्यावरून पुढं ओढून टेबलापाशी उभी होती. पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. "मावशी, तुम्ही नर कसा ओळखला?"

आक्कानं त्या मुलीकडं बघितलं. क्षणभर तिचे डोळे बारीक झाले. मला ते डोळे माहीत होते.

"मला काय ठाव बाय," ती म्हणाली. "मी अडानी. तुमच्या मॅडमला इचारा. त्या सांगतील त्ये खरं."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काय बोलले ते आठवत नाही.

दाजींना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले. दाजींना बाकड्यावर बसवलं. आम्ही दोघी जरा बाजूला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभ्या होतो. बीडची गाडी लागायची होती. मी म्हणाले, "आक्का, शाळेतलं मनावर घेऊ नकोस. माझंच चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं."

"त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "पोरी चांगल्या हायत. तू चांगलं शिकीवतीस."

मग ती माझ्याकडं न बघता बोलली.

"न्हाई इचारलं मनली असतीस तर मी काय तुला मारलं असतं का? ल्हान व्हतीस. घाबरलीस. मला कळलं असतं." तिनं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पर तू मनलीस, सरायनी काड्यापेटी उघडून बघितली. सुई बघितली, आन न्हाई मनले. मंग मी लई दिस इचार केला. म्हनलं, शिकल्याल्या मानसानं बघून न्हाई म्हनलंय, तर मग मला जे दिसतंय त्ये काय हाय? तवापासून कुठं बघायला बसले की भ्या वाटतंय. आपल्याला दिसतंय त्ये खरं का खोटं, कुनाला ठाव."

"आक्का..."

"गाडी लागली," ती म्हणाली. दाजींना दंडाला धरून तिनं उठवलं, गर्दीतून वाट काढत चढवलं, खिडकीपाशी जागा धरली. मी खिडकीखाली उभी होते. दाजी म्हणाले, "बाई, तुमचे लई उपकार झाले." आक्कानं खिडकीतून हात काढून माझ्या गालाला लावला, लहानपणी लावायची तसा, आणि गाडी सुटेपर्यंत ठेवला.

पुढं सहा वर्षं ती जगली. मग ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत गेली. त्या सहा वर्षांत आम्ही पुष्कळ वेळा भेटलो, पोराबाळांचं, पाण्यापावसाचं बोललो. त्या बसस्टँडवरचं बोलणं मी पुन्हा काढलं नाही. तिनंही नाही.